अर्ध्या इंचाचा इतिहास

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "अर्धा इंची नळ द्या" असं सांगितलं की दुकानदार काही न विचारता खोक्यातून एक नळ काढून देतो. घरी आल्यावर त्याच्या मागच्या आट्यांवर पट्टी ठेवून बघा. बाहेरून बाहेर ते जवळजवळ २१ मिलिमीटर भरतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. मग वाटतं, आतलं भोक अर्धा इंच असेल. तर तेही नाही. ज्या जी.आय. पाईपला हा नळ बसतो त्याचं आतलं भोक साधारण १६ मिलिमीटर असतं. म्हणजे ज्याला सगळा देश अर्धा इंची म्हणतो त्यात अर्धा इंच कुठेच नाही!

आमच्या धंद्यात याला लेगसी म्हणतात. कुणीतरी कधीतरी एक निर्णय घेतो, त्याचं कारण संपतं, पण नाव आणि माप उरतं, आणि ते बदललं तर सगळंच मोडेल म्हणून कुणी हात लावत नाही. या नळाच्या मागे मी लागलो तो मिठबावच्या आजोळी स्वयंपाकघरातला एक जुना पितळी नळ काढायचा होता म्हणून. ती हकीकत पुढे येईलच. पण नळ काढता काढता जे वाचलं ते नळापेक्षा मोठं निघालं, म्हणून आधी ते.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत नळ म्हणजे पाईपसुद्धा आणि तोटीसुद्धा. "नळाला पाणी आलं" म्हणताना आपण तोटीबद्दल बोलतो, आणि "रस्त्यात नळ फुटला" म्हणताना पाईपबद्दल. एकाच शब्दावर दोन कामं. याचं कारण बहुतेक असं की आपल्याकडे पाईप आधी आला आणि तोटी फार उशिरा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने आजच्या संभाजीनगरला नहर आणली. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणलं आणि ते पेठांमधल्या हौदांत सोडलं. दोन्ही कामं उतारावर चालणारी, पंप वगैरे नाही. पण शेवटी पाणी पडायचं ते हौदात. घागर बुडवायची आणि न्यायची. पाणी वाहतं राहायचं, ते हवं तेव्हा सोडायला आणि नको तेव्हा बंद करायला प्रत्येकाच्या हातात काही नव्हतं.

हातात काहीतरी आलं ते एकोणिसाव्या शतकात. १८५४ साली मुंबईत पाण्याची इतकी टंचाई झाली की बाहेरून पाणी आणून शहर जगवावं लागलं. तोपर्यंत मुंबई विहिरी आणि तलावांवर चालायची. त्यानंतर हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये तिथलं पाणी लोखंडी नळांतून शहरात आलं. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा. पाणी उंचावरून येत असल्यामुळे नळात दाब होता, आणि दाबाचं पाणी थोपवायचं तर जुन्या पद्धतीची तोटी चालत नाही.

जुनी तोटी म्हणजे भोक पाडलेला एक निमुळता खुंटा. पाव वळसा फिरवला की भोक समोर येतं आणि पाणी सुरू, परत फिरवला की बंद. रोमन काळापासून हेच चालत होतं. अडचण ही की दाबाचं पाणी असं एका झटक्यात बंद केलं तर पाईपला धक्का बसतो आणि सांधे ढिले होतात. यावर इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळी कारखान्याने १८४५ मध्ये पेटंट घेतलं. त्यांच्या नळात आट्यांचा एक दांडा वरून खाली येतो, त्याच्या टोकाला एक मऊ चकती असते आणि ती पाण्याच्या वाटेवर हळूहळू दाबली जाते. तीन-चार वळसे फिरवावे लागतात, म्हणून पाणी हळूहळू बंद होतं. आपल्या घरात चार फेरे फिरवून बंद होणारा जो जुना पितळी नळ असतो, तो म्हणजे हाच. पावणेदोनशे वर्षांत आतली रचना फारशी बदललेली नाही.

ती मऊ चकती म्हणजे आपला वायसर. आणि सुरुवातीचे वायसर चामड्याचे होते. झालं! नळ दारात आला पण सोवळ्यात शिरेना. चामड्याला लागून आलेलं पाणी देवाला कसं घालायचं? जिथे जिथे नळ आले तिथे तिथे हा वाद झाला, आणि कित्येक घरांत नळ आल्यावरही पूजेला आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाला विहिरीचंच पाणी चालू राहिलं. पुढे रबराचे वायसर आले, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे विहिरीवर जायचा कंटाळा आला :) सोय जिंकली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण एका प्रकारचा विटाळ सोयीपुढे किती पटकन विरघळतो ते इथे दिसतं. दुसऱ्या प्रकारचा विरघळला नाही. त्याच्याकडे येतो.

त्याआधी आटे. १८४१ सालापर्यंत इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखाना आपल्या मनाला येईल तसे आटे पाडत असे. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जायचा नाही. मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये इंजिनिअर लोकांच्या संस्थेपुढे निबंध वाचला की सगळ्यांनी एकच पद्धत वापरा: आट्याचा कोन ५५ अंश, आणि अमुक जाडीला इंचाला अमुक आटे. त्याने नवं काही शोधलं नाही. अस्तित्वात असलेल्या गोंधळाची सरासरी काढून तिला नियम म्हटलं. मला हे फार आवडलं. आमच्याकडे असा माणूस आला तर त्याला आम्ही आर्किटेक्ट म्हणून भलता पगार देऊ.

पाईपचे आटे याच घराण्यातले. अर्धा इंची पाईपला इंचाला १४ आटे, कोन ५५ अंश, बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर. आणि इथेच सुरुवातीचं कोडं सुटतं. जुने लोखंडी पाईप जाड असायचे, आतलं भोक खरोखर अर्ध्या इंचाच्या जवळपास. पुढे लोखंड सुधारलं, पाईप पातळ झाले. पण बाहेरचा व्यास कमी केला असता तर जगातले सगळे जुने आटे निकामी झाले असते. म्हणून बाहेरचं माप तसंच ठेवलं आणि भोक मोठं होऊ दिलं. नाव मात्र राहिलं अर्धा इंच. शुद्ध बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी!

आपल्या देशाने १९५६ मध्ये मेट्रिकचा कायदा केला, मण-शेर गेले, मैल गेले, आणे-पै गेले. पाईपचा इंच गेला नाही. भारतीय मानक ५५४ मध्ये आजही हेच ५५ अंशाचे आटे आहेत, आंतरराष्ट्रीय मानकातही हेच. कागदावर त्याला १५ मिलिमीटर म्हणतात (ते मापही कुठे सापडत नाही). इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये आम्हाला जी.आय. पाईप शिकंज्यात धरून त्याला डायने आटे पाडायला लावायचे. तेल घालत घालत दोन्ही हातांनी डाय फिरवायची. हात दुखायचे आणि ही मजुरी आपल्याला कशाला, असं वर्गातल्या प्रत्येकाला वाटायचं. आपण १८४१ सालचा नियम लोखंडावर कोरतो आहोत हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित जर्नल जरा मन लावून लिहिलं असतं.

तर नळ कुठलाही आणा, तो कुठल्याही पाईपला बसेल, ही सोय व्हिटवर्थच्या रस्त्याने आली. आता प्रश्न असा की तो फिरवायचा कुणी?

डॉ. आंबेडकरांनी इंग्रजीत लिहिलेल्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये साताऱ्याच्या शाळेतला नळ आहे. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटचा. वर्गातल्या इतर मुलांना तहान लागली तर ती मास्तरांना विचारून नळावर जात आणि पाणी पीत. या मुलाला मास्तरांनी परवानगी दिली तरी पुरत नसे. त्याला नळाला हात लावायचा नव्हता. शाळेचा शिपाई येऊन नळ उघडेल तेव्हा पाणी. शिपाई हजर नसेल त्या दिवशी तहानलेलंच राहायचं.

हे वाचताना मी नळाचा विचार करत होतो. विहिरीबाबत निदान ते लोक असं म्हणू शकत की पोहरा बुडतो, पाणी सगळ्यांचं एकच, म्हणून बाटतं. तो युक्तिवाद अमानुष होताच, पण त्याला काहीतरी आकार होता. नळाने तो आकारही काढून घेतला. नळातून पाणी फक्त बाहेर येतं. हाताचा स्पर्श पितळेला, पाण्याला नाही. तरीही हात नको. म्हणजे मुद्दा पाण्याचा कधी नव्हताच, हाताचा होता. चामड्याचा वायसर सोयीसाठी चालवून घेतला गेला, पण चामड्याचं काम करणाऱ्याचा हात चालवून घेतला गेला नाही.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ओळीने लावून पाहिलं तर किती वेळ लागला ते कळतं. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. ४ ऑगस्ट १९२३ ला सीताराम केशव बोले यांनी मांडलेला सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपलं चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर त्यांच्यावर हल्ले झाले, तळं 'शुद्ध' केलं गेलं, खटला चालला आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. एक ओंजळ पाण्याला कोर्टात दहा वर्षं.

१९५० च्या राज्यघटनेतल्या पंधराव्या कलमात सर्वांना खुल्या असलेल्या जागांची यादी आहे. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. नळ त्या यादीत नावाने नाही. तो येतो १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात. त्याच्या चौथ्या कलमात नदी, ओढा, झरा, विहीर, तलाव, हौद आणि मग स्पष्ट शब्दात पाण्याचा नळ. त्याचा वापर करण्यापासून कुणाला अडवलं तर शिक्षा. विहारचं पाणी मुंबईत आलं १८६० ला. नळ कुणीही फिरवावा हे देशाच्या कायद्यात आलं १९५५ ला. आट्यांचं प्रमाण ठरल्यापासून मोजलं तर ११४ वर्षं. लोखंडाला नियम लावणं त्या मानाने सोपं होतं.

आता मिठबाव. देवगड तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. टेकडीवर गजबादेवी, खाली लांबच लांब पुळण. गावाच्या नावात माझ्या कानाला नेहमी मीठ आणि बाव ऐकू येतात (बाव म्हणजे मालवणीत विहीर), आणि हा लेख त्या दोघांबद्दलच आहे म्हणायला हरकत नाही. सिंधुदुर्गात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. तरी मे महिन्यात पाण्याची चिंता असतेच, कारण जांभा दगड चाळणीसारखा असतो. पडलेलं पाणी झिरपतं आणि उतारावरून समुद्राला जातं. म्हणून इथलं घर म्हणजे बाव. रहाट, दोर, कळशी, न्हाणीघरातली दगडी डोण. पाणी ओढणं बायकांचं काम, आणि त्यात कौतुकाचं काही नाही, खांदे आणि गुडघे त्याची किंमत देतात.

कोकणातला माणूस पहिल्यांदा नळ बघायचा तो मुंबईत, गिरणगावातल्या चाळीत. मजल्याला एक नळ, त्यापुढे हंड्यांची रांग, आणि मराठीला मिळालेली 'नळावरची भांडणं'. गावी विजेची मोटार, गच्चीवर टाकी आणि स्वयंपाकघरात नळ ही गोष्ट त्यामानाने फार अलीकडची. चाकरमान्याच्या पैशातून कुठल्यातरी गणपतीच्या आधी घरात पाईप फिरले असं गावोगाव ऐकायला मिळतं. आमच्या आजोळी १९८० च्या दशकात. सरकारी पातळीवर तर १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झालं तेव्हा देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त ३ कोटी २३ लाख घरांत नळ होता, म्हणजे सहातल्या साधारण एका घरात. तेव्हा खेड्यातला स्वयंपाकघरातला नळ जुना असणं हीच मुळात चैन आहे.

तर हा नळ. दांडा जाम झालेला, बंद होत नव्हता, थेंब थेंब चालूच. मामीने त्यावर उपाय काढला होता: काम झालं की मागच्या दारी जाऊन, चार पायऱ्या चढून टाकीचा वॉल्व बंद करायचा, आणि पुन्हा लागलं की पुन्हा चढायचं. मामी सत्तरीच्या पुढची. प्लंबर बोलावला तर तो "भिंत फोडावी लागेल" म्हणून गेला तो परत आला नाही. वायसर बदलायला दांडा निघेना, म्हणून नळच काढायचा ठरला.

नळ इतका घट्ट का बसतो? कारण तिथे तीन धातू एकत्र राहतात. पाईप लोखंडाचा, त्यावर जस्ताचा मुलामा, आणि त्यात पिळलेला नळ पितळेचा. जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेलने १८३७ मध्ये घेतलं. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. पण डायने आटे पाडताना मुलामा नेमका तिथेच खरवडला जातो. उघडं लोखंड, शेजारी पितळ, मध्ये पाणी. ही झाली एक छोटी बॅटरी, आणि या बॅटरीत झिजायचं लोखंडाने. पाण्यात मीठ असेल तर ती बॅटरी आणखी जोरात चालते. समुद्रकाठच्या विहिरीतून उन्हाळ्यात जास्त उपसा झाला की खालून खारं पाणी वर सरकतं, आणि हवेत तर खार बारा महिने असतोच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आट्यांमध्ये जागा तर नाही. म्हणून तो दोन्ही बाजूंना दाबत बसतो, पाचर मारल्यासारखा. वर बसवताना गुंडाळलेला ताग आणि सफेदा, तो वाळून दगड.

पितळेचं वेगळंच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. नळ वरून धडधाकट दिसतो, पण आतून गुलाबीसर आणि ठिसूळ झालेला असतो. जोर लावला तर तो फिरत नाही, मोडतो. आणि आटे आतच राहतात.

यामुळे ताकद हा इथे उपाय नाही. मी पाईपपाना लावून उभा राहिलो तेव्हा मामा झोपाळ्यावरून म्हणाला, "झिला, जोर कित्याक करतंस? सवकास. भिंतीतलो पायप फिरलो तर भिंत फोडूची लागतली." गोष्ट एवढीच आहे. सुटायचं आहे त्याला फिरवण्यापेक्षा, सुटायचं नाही त्याला धरून ठेवणं महत्त्वाचं.

आम्ही जे केलं ते असं. टाकीचा वॉल्व बंद, नळ उघडून पाईप रिकामा. भिंतीलगतची चकती सरकवली, तिच्यामागे सॉकेटचा इंचभर भाग बाहेर होता. सांध्याभोवती पांढरा क्षार होता, त्यावर व्हिनेगर भिजवलेली चिंधी दोन तास. मग ती जागा ब्रशने घासून गंज सोडवणारं तेल फवारलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पुन्हा तेल. दुपारी नळावर चिंधी गुंडाळून उकळतं पाणी ओतलं आणि थंड होऊ दिलं, असं चार वेळा. पितळ लोखंडापेक्षा दीडपट जास्त फुगतं आणि तितकंच आक्रसतं. या फुगण्या-आक्रसण्यात मधला गंज तडकतो.

मग एक पाना सॉकेटला, तो मामाने दोन्ही हातांनी घट्ट धरला. दुसरा पाना नळाला, माझ्याकडे. पहिला वळसा सोडवायचा नाही, आवळायचा. केसभर. ऐकायला उलटं वाटतं, पण गंजाची पकड मोडायला दिशा कुठलीही चालते, आणि आवळण्याच्या दिशेला आटे निदान कोरे असतात. 'कट्' असा आवाज आला. मग सोडवण्याच्या दिशेला थोडं, परत मागे, परत थोडं, मध्ये तेल. आटे पाडताना डाय अशीच मागेपुढे करायची असते, ते हाताला आठवलं. वीसेक मिनिटांनी नळ हातात आला. आट्यांमध्ये काळा ताग आणि लाल पीठ. एका जागी पितळ गुलाबी झालं होतं.

(तुमचा मोडलाच तर: आत राहिलेल्या तुकड्याला हॅक्सॉच्या सुट्या पात्याने आतून दोन चिरा द्यायच्या, सॉकेटच्या आट्यांना पातं लागायच्या आधी थांबायचं. मग मधली फाक छोट्या छिन्नीने आत ढकलायची. घेर ढिला होतो आणि तुकडा निघतो. वेळ लागतो. घाई केली तर भिंत.)

सॉकेटचे आटे तारेच्या ब्रशने साफ केले. नव्या नळाला टेफ्लॉनची टेप, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने, दहा-बारा वेढे. (टेफ्लॉनचा शोध १९३८ चा, रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला दुसरंच काही करताना लागलेला. त्याने ताग-सफेद्याची सुट्टी केली, आणि ते बरंच झालं, कारण जुन्या सफेद्यात शिसं असायचं. इंग्रजीतला प्लंबर हा शब्दच मुळी शिशाच्या लॅटिन नावावरून आला आहे.) नळ हाताने पिळला, शेवटचा एक वळसा पान्याने. पहिलं पाच मिनिटांचं पाणी माडाला सोडलं.

नवा नळ मिठबावातच दुकानातून आणला होता. चाळीस वर्षांपूर्वीच्या पाईपला तो पहिल्याच फटक्यात बसला. ज्याने पाईप घातला आणि ज्याने नळ बनवला त्यांची कधी गाठ पडलेली नाही, आणि दोघांनाही व्हिटवर्थचं नाव माहीत असायची गरज नव्हती. चांगलं स्टँडर्ड असंच असतं.

मामीने तो उघडून, बंद करून, पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाली, "खयच्या बाजून सोडवचो ता माका दाखव. तू काय दरवर्षी येतलंस?" तिला आवळायची-सोडवायची दिशा दाखवली, वायसर कसा बदलायचा तेही दाखवलं, आणि एक पाना तिच्या मिसळणाच्या डब्याशेजारच्या फळीवर ठेवला. तिने स्वतःच जागा सांगितली.

आता नवीन घरांत प्लास्टिकचे पाईप येतात, त्यांना गंज नाही. पाव वळशात बंद होणारे, सिरॅमिकच्या चकत्यांचे नळ येतात, त्यांना वायसर नाही. म्हणजे अडकलेला नळ सोडवायची ही विद्या पुढच्या पिढीत कुणाला लागणार नाही बहुधा, आणि त्याचं मला फारसं दुःख नाही. मला वाईट वाटेल ते वेगळ्याच गोष्टीचं. नळाला हात लावायचा हक्क मिळवायला या देशात माणसांना मार खावा लागला, कोर्टात जावं लागलं. आणि ज्यांना तो जन्मापासून फुकट मिळाला त्या आमच्यासारख्या घरांत नळ गळला की पहिलं वाक्य असतं, "कुणाला तरी बोलवा." पाण्याचा नळ आपला, पण त्याच्या मागचं काळं-लाल काम दुसऱ्या कुणाच्या तरी हाताचं, ही सवय त्या साताऱ्याच्या शाळेतल्या सवयीची फार लांबची नातेवाईक नसावी. प्लंबरला जरूर बोलवा, त्याचं पोट त्यावर आहे आणि त्याच्या हातात आपल्यापेक्षा जास्त कसब आहे. फक्त काम हलकं आहे म्हणून बोलवू नका.

असो. जुना नळ भंगारवाल्याने वजनावर घेतला. पुढच्या शनिवारी टाकीतल्या बॉलकॉकबद्दल, त्याचीही एक मजा आहे.